‘संस्थेत असतो’ म्हणजे नक्की काय करतो?

१९९१ साली माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या मामांनी विचारले, ‘मुलगा काय करतो?’ माझ्या वडिलांनी उत्तर दिले, ‘संस्थेत असतो.’ मामांनी मान डोलावली, सुपारी कातरली आणि पुन्हा विचारले, ‘ते उत्तमच. पण नोकरी कुठे करतो?’

मामांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या ओळखीतले संस्थेत ‘असणारे’ सगळे लोक संध्याकाळी सहानंतर तिथे असत. दिवसभर कोणी बँकेत, कोणी टेलिफोन खात्यात, कोणी शाळेत. पोट तिकडे आणि मन इकडे, अशी आपल्याकडची रीत. मी मात्र सकाळी दहापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत संस्थेतच असे आणि माझे पोटही तिथेच भरत असे. पुण्यातली एका व्यवसायातल्या लोकांची संघटना, स्वतःची दोन मजली इमारत, सहाशेच्या आसपास सभासद, एक त्रैमासिक, वर्षातून एक प्रदर्शन. तिचा मी व्यवस्थापक. १९८८ साली नऊशे रुपयांवर लागलो आणि २०२१ साली कार्यकारी सचिव म्हणून निवृत्त झालो. या तेहतीस वर्षांत मामांना पटेल असे उत्तर काही मला सापडले नाही.

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात माझा वाड्यातला जुना मित्र आपल्या मुलीला घेऊन घरी आला. मुलगी एम.कॉम. झालेली, चार वर्षे एका सी.ए.च्या कार्यालयात काढलेली. तिला एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या संस्थेने व्यवस्थापक म्हणून बोलावले आहे. वाचनालय, सभागृह, व्याख्यानमाला, मुलींचे एक छोटे वसतिगृह, असा त्या संस्थेचा पसारा. मित्र वैतागलेला होता. ‘तूच सांग रे हिला. असल्या कामात करिअर होतं का? सेवा करायची तर रविवारी करावी.’ मुलगी शांत होती. चहा संपल्यावर तिने एकच विचारले, ‘काका, तिथे पुढे काय होतं?’

मी त्या दिवशी काहीतरी गोलमाल बोललो. खरे उत्तर लांबलचक आहे आणि ते फक्त तिच्यासाठी नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे संस्थेतल्या माणसाला ‘पगार’ द्यायला जीभ रेटत नाही, म्हणून आपण ‘मानधन’ देतो. शब्द मोठा गोड आहे. त्यात मान आधी येतो, धन मागून येते आणि बहुधा वाटेतच थोडे सांडते. पगाराला महागाई भत्ता लागतो, वार्षिक वाढ लागते, निर्वाह निधी लागतो. मानधनाला यातले काही लागत नाही. ते वाढवून मागणे हे तर असभ्यपणाचेच. वार्षिक सभेच्या आभारप्रदर्शनाचा क्रम आठवून पाहा. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले, आणि लोक खुर्च्या सरकवून उठू लागले की ‘तसेच आपला कार्यालयीन कर्मचारीवर्ग’. मी हे तेहतीस वेळा ऐकले. त्यातली निम्मी आभाराची भाषणे मीच लिहून दिली होती, ही गोष्ट वेगळी.

सभागृहातल्या छताच्या पंख्यांवर देणगीदारांची नावे रंगवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, तरी देणगी येते. पण तो पंखा चालू करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी देणगी देणारा मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो स्वतः निवृत्त कारकून होता. ‘आमचा पैसा पगारात जायला नको’ हे वाक्य देणगीदार अभिमानाने बोलतो. सरकारही त्याच सुरात बोलते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. गैरप्रकारांना आळा बसावा हा हेतू समजू शकतो. पण ‘प्रशासन’ म्हणजे वाया गेलेला पैसा हे गृहीतकही त्यात आहे, आणि त्याची झळ हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसालाच आधी लागते.

यावर सभ्य माणसांचे उत्तर ठरलेले आहे. महाराष्ट्रातल्या संस्था त्यागावर उभ्या राहिल्या, पगारावर नव्हे. हे मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की, त्या परंपरेकडे एकदा नीट पाहायला हवे असे मला वाटू लागले.

१८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद म्हणजे त्यागाचा नमुना, हे शाळेपासून आपल्या कानावर पडते आणि ते खरेही आहे. सरकारी नोकरीत कितीतरी अधिक मिळवू शकणारी ही माणसे महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे वचन देत होती. पण याच वाक्यात दोन आकडे आहेत, ते आपण पाहत नाही. पगार ठरलेला होता. मुदत ठरलेली होती. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली तिथून निवृत्त झाले ते, तुटपुंजे का होईना, निवृत्तिवेतन घेऊन. शिवाय हे आजीव सभासद कोणाच्या हाताखालचे नोकर नव्हते. संस्थेचा कारभार तेच पाहत. आपण ज्याला त्याग म्हणून हार घालतो, त्याच्या अटी लिहून ठेवलेल्या होत्या.

आणि पैशाचा विषय त्यांनाही चुकला नाही. पगार वाढवावा का, आजीव सभासदाने बाहेरची कामे घ्यावीत का, यावरून तिथे जे वाद झाले ते टिळकांच्या १८९० सालच्या राजीनाम्यापर्यंत गेले. शेवटची ठिणगी कशाने पडली? गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, त्याने! टिळकांचा मुद्दा असा की, संस्थेला माणूस पुरता हवा, उरलासुरला नको. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण चिटणिशी हे उरलेल्या वेळात करायचे काम आहे का, हा प्रश्न इतका जुना आहे हे लक्षात घ्यावे. पुढे १८९५ साली सार्वजनिक सभेचे व्यवस्थापक मंडळ टिळकपक्षाच्या हाती गेले आणि १८९६ साली रानडे-गोखल्यांच्या बाजूने डेक्कन सभा निघाली. इतिहासकार यात राजकारण पाहतात. माझ्यासारख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की त्या वर्षीची सभासदांची यादी कोणाच्या कपाटात होती?

१९०५ साली गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे आपला भारत सेवक समाज, काढला तेव्हा तर त्यांनी हा प्रश्न मुळापासूनच सोडवायला घेतला. पाच वर्षांची उमेदवारी. सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही आणि समाज त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करील तिच्यात समाधान मानायचे. यात दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. तरतूद करायची होती. देशसेवेसाठी शिकाऊ उमेदवारी लागते आणि घरचा किराणाही लागतो, हे गोखल्यांना ठाऊक होते.

मग आपली आजची ‘मानद’ परंपरा आली कुठून? माझे एक साधे निरीक्षण आहे. स्वातंत्र्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत शहरांत आणि तालुक्यांत ज्यांनी वाचनालये, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला, ज्ञातिसंस्था, व्यावसायिकांच्या संघटना सांभाळल्या, ते बहुतेक साडेपाचला सुटणारे लोक होते. बँका, आयुर्विमा, पोस्ट, जिल्हा परिषद, शाळा. पगार निश्चित, बदली झाली तर जवळपास, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि पुढे निवृत्तिवेतन. घरी पोळीभाजी तयार ठेवणारी बायको, हेही त्या हिशेबात धरा. आमच्या संस्थेचे वीस वर्षे मानद कार्यवाह असलेले गृहस्थ विमा कंपनीत होते. त्यांचा पगार आम्ही देत नव्हतो, पण कोणीतरी देत होते. फुकट काही चालले नव्हते. संस्थांचे बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी पुस्तकात पडत होते.

ते पुस्तक आता बंद झाले आहे. आजचा चाळिशीचा माणूस हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोचतो. त्याच्याकडे तळमळ नाही असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे संध्याकाळ नाही. म्हणून आज कुठल्याही जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीचे छायाचित्र पाहा. पहिल्या रांगेत काठ्या दिसतात. ‘तरुण पुढे येत नाहीत’ ही तक्रार दर वार्षिक सभेत होते, आणि गणसंख्येअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरलेल्या सभेत ती करणारे आणि ऐकणारे दोघेही सत्तरीचे असतात.

उलट काम मात्र वाढले आहे आणि ते उरलेल्या वेळात होण्याजोगे राहिलेले नाही. १८६० च्या कायद्याखाली सात माणसे एकत्र आली की संस्था नोंदवता येते, हे सगळ्यांना माहीत असते. महाराष्ट्रात त्याच संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावे लागते, हेही बहुतेकांना माहीत असते. नोंदणीनंतर काय, हे फारच थोड्यांना माहीत असते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. इमारत विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. २०१७ पासून दोन हजारांवरची रोख देणगी आयकराच्या सवलतीला पात्र राहिली नाही. २०२१ साली तर पन्नास पन्नास वर्षांच्या संस्थांना आयकर खात्याकडे नव्याने नोंदणी करावी लागली, तीही तेव्हा पाच वर्षांच्या मुदतीची. पूर्वी एकदा मिळालेले प्रमाणपत्र चौकटीत लावून ठेवले की पिढी निघून जाई.

माझ्या माहितीतल्या एका संस्थेत तीन निवडणुका झाल्या, तिन्ही शांततेत, हार-तुरे होऊन. बदल अर्ज एकदाही दिला गेला नाही. प्रत्येक कार्यवाहाला वाटले की आधीच्याने दिला असेल. जुन्या इमारतीच्या पुनर्बांधणीची वेळ आली तेव्हा अधिकृत नोंदीतल्या पाच विश्वस्तांपैकी चार दिवंगत होते आणि पाचवे अंथरुणाला खिळलेले. संस्था होती, सभासद होते, पैसेही होते. सही करायला कायद्याच्या दृष्टीने कोणी नव्हते. त्या मंडळींत एकही अप्रामाणिक माणूस नव्हता. सगळे मानद होते, एवढेच. जाब विचारायचा तर कोणाला? फुकट काम करणाऱ्याला आपण ‘का केले नाही’ असे विचारू शकत नाही. पगारी माणसाला विचारू शकतो. पगाराचा हा उपयोग कोणी सांगत नाही.

आता जे लिहितो आहे ते माझ्याच पदरचे आहे.

२००३ साली आमच्या कार्यकारिणीपुढे कायम निधीच्या ठेवीचा विषय आला. एका सहकारी बँकेत सव्वा टक्का व्याज जास्त मिळत होते. विश्वस्तांनी पैसा कुठे ठेवावा याची चौकट कायद्याच्या कलम ३५ ने घालून दिली आहे. खजिनदारांनी तेच सांगितले. ही बँक त्या चौकटीत बसते का ते आधी विचारून घ्या, म्हणाले. त्यांना कोणीतरी भित्रे म्हटले, बाकीचे हसले, ठराव झाला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावून सांगितले, ‘इतिवृत्तात सर्वानुमते असं लिहा. उगाच फाटे नकोत.’ मी पंधरा वर्षांचा जुना कर्मचारी होतो. मुलगी नुकतीच इंजिनिअरिंगला गेली असती तर निदान सबब तरी झाली असती. ती तेव्हा चौथीत होती. मी ‘सर्वानुमते’ लिहिले. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झाले. खजिनदार त्या सभेला आजारपणामुळे नव्हते.

तीन वर्षांनी त्या बँकेवर निर्बंध आले आणि ठेव अडकली. सर्वसाधारण सभेत गदारोळ झाला. सभासदांनी इतिवृत्ताची वही मागवली. वहीत सर्वानुमते. ‘खजिनदार काय झोपले होते?’ असे एकजण ओरडला. खजिनदार उठले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता बसले. त्यांनी मला वाचवले, आणि ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. ते हयात असेपर्यंत मी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

या कामाचा गाभा मला त्या दिवशी कळला. लोकांना वाटते, संस्थेचा व्यवस्थापक म्हणजे खुर्च्या मांडणारा, पावत्या फाडणारा, पाहुण्यांना रिक्षा करून देणारा. ते सगळे असतेच. पण संस्थेची स्मरणशक्ती म्हणून त्याला ठेवलेले असते. अध्यक्ष दोन वर्षांनी बदलतात, कार्यवाह तीन वर्षांनी. काय ठरले होते, कोणी विरोध केला होता, तो पैसा कोणत्या कामासाठी आला होता, ही आठवण पगारी माणसाजवळ असते. ती खोटी लिहिली की इमारत उभी असूनही संस्था आतून पोकळ होते. आणि ती खरी लिहायची तर नोकरीची शाश्वती लागते. ज्याला अध्यक्षांच्या मर्जीवर दर वर्षी मानधन वाढवून घ्यायचे आहे, त्याच्याकडून विरोधी मताची नोंद कशी होणार?

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सगळी आठवण एकाच माणसाजवळ गेली की तोच मालक होतो. असे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. किल्ल्या त्यांच्याकडे, शिक्का त्यांच्याकडे, सभासदयादी त्यांच्या घरच्या संगणकात. पदाधिकारी येतात, सह्या करतात आणि जातात. आपल्या सहकारी क्षेत्रात आणि शिक्षणसंस्थांत याचे नमुने शोधायला फार लांब जावे लागत नाही. निवडून आलेल्याने दिशा ठरवावी, पगारी माणसाने ती अमलात आणावी, आणि दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकू नये, हे म्हणायला सोपे आहे. याचे आपल्या शेजारचे सर्वांत चांगले उदाहरण आणंदचे आहे. त्रिभुवनदास पटेल हे खेडा जिल्हा दूध संघाचे निवडून आलेले अध्यक्ष आणि व्हर्गीस कुरियन हे पगारी व्यवस्थापक. सरकारी नोकरीनिमित्त १९४९ साली आणंदला आलेला हा इंजिनिअर पुढे आयुष्यभर आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत असे सांगत राहिला. गावोगावचे शेतकरी आणि त्यांचे राजकारण पटेलांनी सांभाळले, यंत्रे, माणसे आणि बाजारपेठ कुरियननी सांभाळली. दूध संघ ही धर्मादाय संस्था नव्हे, हे खरे. पण १९७९ साली त्याच आणंदमध्ये ग्रामीण संस्थांसाठी व्यवस्थापक घडवणारी ‘इर्मा’ उभी राहिली, ती काही योगायोगाने नव्हे.

व्यापाऱ्यांना मात्र हे कधी शिकवावे लागले नाही. १८३६ सालची बॉम्बे चेंबर, १८७५ सालची गिरणीमालकांची संघटना, पुण्यातली १९३४ ची मराठा चेंबर, अशा संघटनांची कार्यालये पगारी सचिव सांभाळतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. स्वतःच्या धंद्यात ज्याला पगार दिल्याशिवाय काम होत नाही हे माहीत आहे, तो संघटनेतही ते विसरत नाही. अमेरिकेत तर १९२० सालीच व्यापारी संघटनांच्या पगारी चिटणिसांनी आपलीच एक संघटना काढली. तिची पुढे परीक्षा निघाली, पदवीसारखी अक्षरे नावापुढे लावता येऊ लागली. संघटना चालवणाऱ्यांची संघटना! ऐकून हसू येते, पण मला प्रथम हे कळले तेव्हा हेवा वाटला होता. माझ्यासारखेच काम करणारे पुण्यात निदान शंभर जण असतील. तेहतीस वर्षांत त्यातले पाच-सहाच मला नावाने माहीत झाले, तेही धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर शेजारी बसल्यामुळे.

तर, पुढे काय होते?

पैशाचे आधी सांगतो. मी निवृत्त झालो तेव्हा एकेचाळीस हजार मिळत होते. माझा धाकटा भाऊ राष्ट्रीयीकृत बँकेत होता. त्याला घरी बसून मिळते ते याहून फार कमी नाही, आणि मला घरी बसून काही मिळत नाही. बायकोची शाळेतली नोकरी नसती तर मी हे काम केले नसते. मगाशी मानद लोकांबद्दल जे म्हटले तेच थोड्या प्रमाणात मलाही लागू होते, हे मान्य करायला हवे. पण माझ्या वेळी एका संस्थेत लागलेला माणूस तिथेच जुना होई. तिला तसे करण्याचे कारण नाही. कंपनी कायद्यातल्या तरतुदीमुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. तो पैसा ज्या संस्थांकडे जातो त्यांना हिशेब, अहवाल, कायदा जाणणारी माणसे लागतात. रुग्णालयांचे न्यास आहेत, शिक्षणसंस्था आहेत, डॉक्टर-वास्तुविशारदांच्या संघटना आहेत. लहान संस्थेत चार-पाच वर्षे काढलेल्या माणसाने सगळे विभाग स्वतः हाताळलेले असतात, आणि हा अनुभव मोठ्या संस्थेत पंचवीस वर्षे एकाच टेबलावर बसून येत नाही. शिडी आहे. फक्त ती एका इमारतीत नाही, गावभर पसरलेली आहे.

आणि कामातले समाधान? एक उदाहरण देतो, ते फार भव्य नाही. १९८५ साली आमच्या संस्थेने आजीव सभासदत्व काढले होते, ५०१ रुपयांत. तेव्हाच्या व्याजदराने वर्षाला पन्नास रुपये येत आणि त्यात त्रैमासिकाचे चार अंक पोस्टाने जात. पुढे व्याज खाली आले, कागद आणि टपाल वर गेले. काही वर्षांनी एका अंकाचा खर्चच चाळीस रुपये झाला आणि मुद्दलातला बराच भाग सभागृहाच्या फरशीत गेलेला होता. तरी दर वर्षी नव्या आजीव सभासदांचे टाळ्यांच्या गजरात स्वागत होई, कारण त्या वर्षीच्या जमाखर्चात ती रक्कम गोंडस दिसे. म्हणजे नवीन माणूस आला की संस्था कायमची थोडी गरीब होई. मी हे एका पानावर मांडले आणि अध्यक्षांना दिले. ते म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या अध्यक्षांनी तेच म्हटले. चार अध्यक्ष आणि नऊ वर्षे गेली. दर वर्षी तेच पान, नवे आकडे. दहाव्या वर्षी नियमावलीत दुरुस्ती झाली, आजीव सभासदत्व थांबले आणि जुन्या सभासदांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपणहून वार्षिक वर्गणी सुरू केली. ठरावाच्या सूचकाचे आणि अनुमोदकाचे नाव इतिवृत्तात आहे. माझे नाही, आणि ते तसेच असायला हवे. पण आज ते त्रैमासिक घरी येते तेव्हा मी पाकिटावरचे तिकीट जरा जास्त वेळ पाहतो.

मित्राच्या मुलीला मी नंतर फोन करून सांगितले की, जायचे तर जा, पण तीन गोष्टी लेखी घे. पगार, त्याची वार्षिक वाढ आणि निर्वाह निधी. कार्यवाहांच्या सहीशिवाय किती रकमेपर्यंत खर्च करता येईल तो आकडा. आणि कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेला बसून, विरोधी मतासह इतिवृत्त लिहिण्याचा अधिकार. ‘त्यांना राग आला तर?’ तिने विचारले. मी म्हटले, राग यायचाच असेल तर आताच येऊ दे.

परवा तिचाच फोन आला. पगाराचे पत्र मिळाले. खर्चाच्या आकड्यावर कार्यवाह म्हणाले, ‘आपल्या आपल्यात कशाला लेखी?’ पण तिने पुन्हा विचारल्यावर त्यांनी पाच हजार लिहून दिले. इतिवृत्ताबद्दल त्यांचे म्हणणे असे पडले की, नियमावलीत काय आहे ते पाहावे लागेल. तिने नियमावलीची प्रत मागितली. १९७४ सालची छापील प्रत सापडली; नंतरच्या दुरुस्त्या मात्र तिला जोडलेल्या नाहीत. त्या पोलादी कपाटात असाव्यात. कपाटाची किल्ली माजी कार्यवाहांकडे आहे आणि ते सध्या मुलाकडे नाशिकला असतात.

गुरुवारी सकाळच्या बसने ती नाशिकला जाणार आहे. बरोबर वडीलही जाणार आहेत म्हणे.